आमची वाटचाल : अक्षराला दोन रुपये

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'हाताचे नक्षीकाम' असं लिहिलंय. पाटी सौ.नं रंगवलीय, सुंदर आहे. पण खरं सांगायचं तर नक्षीवर आमचं घर कधी चाललं नाही. चाललं ते भांड्यांवर कोरलेल्या नावांवर.

मी कोल्हापूरचा. आयटीआयला टूल अँड डाय मेकर केलं आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूमला चिकटलो. साच्यावर पार्ट नंबर कोरायचं काम माझ्याकडे असायचं. साच्यात अक्षर उलटं कोरलं की मालावर ते सुलटं उठतं, त्यामुळे उलटं वाचायची सवय लागली ती आजतागायत. आरशातली पाटी मी तुमच्याआधी वाचतो.

२०१४ साली पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. दुपार मोकळी होती म्हणून राजा केळकर संग्रहालयात शिरलो आणि अडकित्त्यांसमोर अडकलो. सुपारी कातरायची वस्तू, आणि तिला मोर काय, पोपट काय! घरी आजीचा एक पितळी अडकित्ता पडून होता. परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत मोडलेलं कार्बाइडचं (फार कडक, पण ठिसूळ) ड्रिल घासून त्याची कोरणी केली आणि त्या अडकित्त्याच्या दांड्यावर वेल काढायला बसलो. पहिल्याच पानाला कोरणी घसरली. तो ओरखडा अजून आहे, आजीनं शेवटपर्यंत तो पाहुण्यांना दाखवला.

वर्षभर फक्त घसरणंच चाललं होतं. कोरणीच्या तोंडाचा कोन बरोबर असून भागत नाही. खालून पंधरा-वीस अंशांची टाच, म्हणजे तोंडाखालचा छोटा उतार, घासली नाही तर ती धातूत रुतून बसते, नाहीतर सुटून पळते. हुपरीत चांदीकाम करणाऱ्या एका आजोबांकडे गेलो. त्यांनी माझं काम बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पोरा, हात कशाला फिरवतोस? वस्तू फिरव." वस्तू फिरवायला फिरता शिकंजा, म्हणजे वस्तू पकडून ठेवणारा व्हाइस, लागतो, बाहेरून येणारा परवडणारा नव्हता. मग तालमीतल्या एका मित्राकडून गोळाफेकीचा जुना लोखंडी गोळा आणला, ७.२६ किलोचा. त्यावर छोटा व्हाइस बसवला आणि गोळा चामड्याच्या चुंबळीवर ठेवला. चपलेच्या कातड्याला कोल्हापुरात काय तोटा! तोच गोळा आजही टेबलावर आहे.

अडकित्त्यानंतर सुऱ्या आल्या. स्वयंपाकाच्या चांगल्या सुऱ्या हाताने घडवणाऱ्या एका मित्राला मुठीपुढच्या पितळी पट्टीवर नक्षी हवी होती. मला वाटलं होतं पात्यावरच कोरू. पण पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटक्यात थंड केलेलं पातं ५८-६० रॉकवेलपर्यंत (धातूचा कडकपणा मोजायचं माप) कडक असतं. हायस्पीड स्टीलची कोरणी त्यावर नुसती घसरते, कार्बाइडची टोकाला मोडते. पात्यावर कोरायचंच तर पाणी द्यायच्या आधी कोरायला लागतं, आणि मग भट्टीनंतर जपून घासायचं, नाहीतर नक्षीच पुसून जाते. म्हणून पितळी पट्टीच बरी.

२०१७ मध्ये त्या सुरीचे १,५०० रुपये मिळाले. पहिली कमाई म्हणून देवापुढे ठेवले. सौ.नं दुसऱ्या दिवशी विचारलं, "किती तास लागले?" मोजले तर बावीस. म्हणजे तासाला अडुसष्ट रुपये, कोरण्या घासायचा वेळ वेगळाच. कंपनीत ओव्हरटाइम केला असता तर जास्त मिळाले असते. छंदाला भाव लावताना आपण आपलाच तास फुकट धरतो, हे मला बायकोनं शिकवलं.

ती एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालेली, चित्रकलेची बाई. बोरूनं अक्षर काढते. तिनंच सुचवलं की महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात विचारून बघ. लग्नसराईत तिथे नावं घालायला माणूस पुरत नव्हता. दर ठरला अक्षराला दोन रुपये. अक्षरं तिची, कोरणी माझी, असा संसार सुरू झाला.

आता अक्षर म्हणजे किती, यावर आम्ही जेवढी भांडणं केलीत तेवढी घरात केली नाहीत. 'ज्ञानेश्वर' चार की पाच? काना-मात्रेचे पैसे वेगळे का? 'चि. सौ. कां.' मधल्या टिंबांचं काय? एका मामांनी पन्नास ताटांवरचं 'सप्रेम भेट' काढून टाकलं, पैसे वाचले, आणि प्रेम आहेच म्हणाले. शेवटी आम्ही ओळीवर दर लावला. ओळ छोटी असो की मोठी, शिरोरेषेला मेहनत तेवढीच. गोल तांब्यावर ती रेघ एका दमात सरळ नेणं हीच खरी परीक्षा. पातळ भांडं कोरताना दबू नये म्हणून आत राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल असं मिश्रण ओततो. नंतर ते गरम करून काढायचं. वास दोन दिवस जात नाही.

मोठा फटका बसला तो स्पेलिंगचा. व्हॉट्सअॅपवर इंग्रजीत नाव आलं, आम्ही एकशेवीस वाट्यांवर 'शीतल' कोरलं. मुलीच्या घरचे दाखल्यावर 'शितल' लिहीत होते. व्याकरण आमच्या बाजूनं होतं, पण वाट्या त्यांच्या होत्या. कोरलेलं खोडता येत नाही. साडेनऊ हजारांचा माल घरात आला, अजून आम्ही त्याच वाट्यांत आमटी घेतो. तेव्हापासून नियम केला : नाव देवनागरीत, ग्राहकाच्या हातानं, कागदावर, खाली सही. एक हट्ट मात्र आमचा. कॉम्प्युटरवरून आणलेल्या नमुन्यात बरेचदा हिंदी वळणाचे श आणि ल असतात. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवून दिलाय, सौ. तसेच काढते. फरक कळणारं गिऱ्हाईक दहात एक. पण ते एक परत येतं.

टाळेबंदीत लग्नंच थांबली. त्या रिकाम्या महिन्यांत उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी केली, २०२२ ला नोकरी सोडली आणि छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज काढून वीस वॅटचं फायबर लेझर, म्हणजे प्रकाशाच्या झोतानं धातूवर कोरणारं यंत्र घेतलं. आधी मला ते सवतीसारखं वाटायचं. मी तासभर काढतो ते काम ते मिनिटात करतं आणि माझ्यापेक्षा सरळ करतं, हे कबूल करायला जड गेलं. पण त्यालाही शिकावं लागतं. काळी अक्षरं हवीत म्हणून उष्णता वाढवली, तर स्टेनलेसवरचा गंज रोखणारा क्रोमियमचा थर बिघडून नेमका नावातच गंज धरला. हलक्या स्टीलचे तीस डबे परत आले. आता आधी एका डब्यावर कोरून तो रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो.

आहेराची भांडी लेझरवर, बारशाची चांदीची वाटी आणि सुरी-अडकित्ते हातावर, अशी वाटणी झालीय. तलवारी घेत नाही. शिवजयंतीच्या आधी दरवर्षी कुणीतरी सत्काराची तलवार घेऊन येतंच. नऊ इंचांपेक्षा लांब पातं घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर ते शस्त्र कायद्यात बसतं, हे समजावून चहा पाजून पाठवतो. काही जण रागावून जातात.

हातकामाला अलीकडे एक नवीनच गिऱ्हाईक लाभलंय. जुनी तांब्या-पितळेची भांडी. चिंचेनं घासून घासून नाव पुसट झालेलं असतं, भांड्याला पोचे आलेले असतात, त्यामुळे लेझरचा नेम बसत नाही. तिथे जुन्या रेघेत कोरणी घालून ती रेघच खोल करत जावं लागतं. याचा दर तासावर, आणि घासाघीस कोणी करत नाही.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडच्या एक मावशी घंगाळ घेऊन आल्या. काठावर त्यांच्या पणजीचं नाव होतं, 'काशिबाई', शि ऱ्हस्व. सौ.नं भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "मावशी, वेलांटी दुसरी करून देऊ का? एवीतेवी कोरतोच आहे." मावशींनी घंगाळ स्वतःकडे ओढलं.

"नको गं बाई. तिनं आयुष्यभर तसंच वाचलं."

तीन तास दहा मिनिटं लागली. पहिली वेलांटीच खोल केली.