तामलवाडीच्या पुढची बाई

सोलापूरकराला डोंगराची सवय नसते. आमच्याकडे सगळं परातीत थापल्यासारखं सपाट. काळी रानं, बाभळी, कडुनिंब आणि वर न पडणाऱ्या पावसाचे ढग. त्यामुळे तुळजापूरच्या वाटेवर बालाघाटाची रांग दिसायला लागली, की आम्ही तिला नुसता डोंगर म्हणून सोडत नाही.

तिथली बाई मला मावशीनं दाखवली. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचं, ही आमच्याकडची रीत. अंतर जवळजवळ 45 किलोमीटर. हिप्परग्याच्या तलावावर चांदणं सांडलेलं असतं तोवर गप्पा चालतात. तामलवाडी मागे पडली की पायच बोलायला लागतात. तिथंच कुठंतरी मावशी थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ते बघ की, आई झोपल्यात."

आधी काही दिसेना. मग तिनं माझं मनगट धरून बोटानं हवेत रेघ ओढली. कपाळ, नाक, किंचित वर उचललेली हनुवटी. दिसली! दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर निजवतात, ती अश्विन पौर्णिमेपर्यंत. ही श्रमनिद्रा. मावशीच्या हिशेबात आईनं देवळात पाठ टेकली की बाहेर डोंगरानंही टेकलीच पाहिजे.

दिवाळीनंतर भर दुपारी एसटीतून गेलो. खिडकी मुद्दाम धरली होती. नाक म्हणजे एक टेकाड, हनुवटी म्हणजे त्याच्या बऱ्याच मागचं दुसरंच. दोघांची ओळखसुद्धा नसावी. चंद्रानं सावली टाकून जुळवून दिलेली सोयरीक ती, उन्हात मोडली.

मंगळावरही असंच झालं होतं. 1976 साली व्हायकिंग-1 यानानं सायडोनिया भागाचा फोटो पाठवला, त्यात चक्क माणसाचा चेहरा. सूर्य कलता होता, सावल्या लांब होत्या. 2001 साली जवळून स्वच्छ फोटो आला, तर झिजलेलं पठार. मेंदूला चेहऱ्याची इतकी हौस, की दोन ठिपके आणि खाली एक रेघ त्याला पुरते. आमच्या स्वयंपाकघरातला प्लग पॉइंटही कायम दचकलेला असतो. बांधावरच्या म्हसोबाचं मात्र मला अजून कळलेलं नाही. त्या दगडात आधी कुणाला डोळे दिसले आणि मग चांदीचे चिकटवले, की चिकटवल्यावर दिसायला लागले?

आता रस्ता चौपदरी झालाय. गाडीतून "ते बघ" म्हणेपर्यंत बाई मोडून तिची टेकाडं होतात. चालणाऱ्याला ती बराच वेळ सोबत करते, हळूहळू कूस बदलत.

मावशीचे गुडघे गेले, तिची वारी थांबली. गेल्या कोजागरीला मी तामलवाडीच्या पुढं कठड्यावर बसून बुटातला खडा काढत होतो, तेवढ्यात तिचा फोन.

"दिसल्या का रे?"

आभाळ गच्च भरलेलं. डोंगर कुठं संपतो नि ढग कुठं सुरू होतो, तेही कळत नव्हतं.

"दिसल्या की," मी म्हणालो. "उशी जरा उंच घेतलीय यंदा."