वक्त्यांची नियमावली लिहिताना

कॉलेजात बाहेरून येणाऱ्या वक्त्यांसाठी नियमावली करायचं ठरलं आणि समितीत प्राध्यापकांकडून माझं नाव गेलं. बैठका कंटाळवाण्या असतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'कोणाच्याही भावना दुखावतील असे वक्तव्य करू नये.' वाचायला गोड. विद्यार्थी प्रतिनिधी मुलगी म्हणाली, "सर, आमच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल आम्ही बोललो तरी कोणाच्या तरी भावना दुखावणारच. मग आधी तोंड कोणाचं बंद होईल?" उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. वाक्य कापलं गेलं.

मग दुसरी बाजू सरसावली. शिकागो विद्यापीठाचा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा २०१५चा अहवाल नाचवत, काहीही बोलू द्या म्हणू लागली. एखादी कल्पना किळसवाणी वाटली तरी तेवढ्यावरून ती दडपू नये, असं त्यात आहे खरं. पण धमकी, छळ आणि बदनामीला त्यात मोकळीक नाही, आणि ते पान कोणी पुढे करत नव्हतं. छळ म्हणजे काय, हे ठरवायला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या डेव्हिस खटल्यातली कसोटी उपयोगी पडली : वागणूक इतकी गंभीर, व्यापक आणि आक्षेपार्ह की त्या विद्यार्थ्याचं शिकणंच अडावं. आरक्षण नको, असं व्यासपीठावरून म्हणणं हे मत झालं. एकाच मुलाच्या खोलीच्या दारावर रोज त्याच्या जन्मावरून काहीबाही लिहिणं हे मत नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बंदोबस्ताच्या खर्चानं. वक्ता वादग्रस्त असेल तर आयोजकांनी जास्त पैसे भरावेत, असं प्रशासनाचं म्हणणं. म्हणजे गोंधळाची धमकी मी द्यायची आणि बिल तुमचं वाढायचं! अमेरिकेतल्याच १९९२च्या फोर्साइथ काउंटी खटल्यात अशाच प्रकारचं शुल्क घटनाबाह्य ठरलं होतं, हे दाखवल्यावर गाडी हलली. आता शुल्क सभागृहाच्या आकारावर ठरतं, वक्त्याच्या विचारांवर नाही.

निदर्शनांना, फलकांना, बोचऱ्या प्रश्नांना मुभा. भाषण ऐकूच येऊ नये असा गोंगाट मात्र नाही. विद्यार्थी संघटनांना हे जाचक वाटलं, आणि त्यात तथ्य होतं. थोडा वेळ घोषणा देऊन सभात्याग करणाऱ्यावर कारवाई कशाला? तेवढी सूट भांडून मिळवली.

परवानगी नाकारल्यास कारण लेखी द्यावं, हे कलम मात्र वरच्यांनी काढून टाकलं. पुढच्या सत्रात ते पुन्हा मांडणार आहे. त्याचा मसुदा त्याच मुलीनं लिहून ठेवलाय.