एकेचाळिसावा दिवस

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५, रात्री उशिरा

आजचा आकडा ४१.

२३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, तेव्हापासून चेंबरच्या कॅलेंडरवर रोज लाल पेनानं एकेक आकडा चढतोय. मंगळवारी ४५ होतील आणि निवडीला आव्हान देणाऱ्या याचिकेवर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८१ दार लावून घेईल. या दाराला फट नाही. बाकीच्या कामांत उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज असतो, डॉक्टरचं सर्टिफिकेट असतं, न्यायाधीशांचा त्या दिवशीचा मूड असतो. निवडणूक याचिकेला लिमिटेशन ॲक्टचं विलंबमाफीचं कलम ५ लागूच होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७४ मध्येच सांगून ठेवलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी घोडामैदान वगैरे काही नसतं, नुसतं घरी जायचं.

आज दिवसभर काय केलं? सह्या घेतल्या. रिंगणात १४ उमेदवार होते. आमचा अशील स्वतःला विजयी घोषित करून मागतोय, म्हणून बाकीचे १३ सगळे प्रतिवादी. (नोटाला प्रतिवादी करावं लागत नाही, एवढीच मेहेरबानी.) याचिका परिशिष्टांसह १८६ पानांची. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रत खरी असल्याबद्दल याचिकाकर्त्याची स्वतःची सही. माझी नाही, ज्युनिअरची नाही, त्याचीच. मी पानापानावर घेते. कायद्याला इतकं लागतं का, यावर वाद घालता येतो, पण तो वाद मला नको. १३ गुणिले १८६ म्हणजे २,४१८ सह्या. दुपारी तीनच्या सुमाराला त्याची सही बदलायला लागली. आडनावातली वेलांटी गळाली, मग आडनावच गळालं, नुसती एक रेघ उरली. हात झटकत म्हणाला, "मॅडम, प्रचारात एवढे हात जोडले नव्हते."

त्याला निकालानंतर पंधराव्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रागानं थरथरत होता. मशीन, पैसा, पोलीस, पुतण्या, सगळ्यांवर. असे लोक दर निवडणुकीनंतर येतात. मी त्यांना पोटभर बोलू देते आणि मग चार गोष्टी विचारते. कुठलं मतदान केंद्र? कुठली तारीख? कुणी पाहिलं? आणि किती मतांनी हरलात? बहुतेक जण चौथ्या प्रश्नाला पाणी पितात. कलम ८३ ला राग चालत नाही, 'ठोस तथ्यं' लागतात. याच्या गोष्टीतून राग चाळल्यावर एकच खडा उरला, पण तो खरा होता. विजयी उमेदवारानं उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात (नमुना २६) एक फौजदारी खटला लिहिलेलाच नाही, आणि त्या खटल्यातल्या दोषारोपाची सही-शिक्क्याची नक्कल आमच्याकडे आहे. मशीनचे अकरा परिच्छेद मी काढून टाकले. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

याचिकेची अनामत अजूनही २,००० रुपये. खर्च मात्र झेरॉक्सवाल्याचाच त्याच्या कितीतरी पट.

माझ्याकडे पर्यावरणाच्या आणि निवडणुकीच्या, दोन्ही केसेस असतात. लोक विचारतात, झाडं आणि मतं यांचा संबंध काय, ही दोन टोकं एका पाटीवर कशी? खरं उत्तर असं की मी काही ठरवलं नव्हतं. चुकीतून झालं. ती चूक इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते, कारण नव्या ज्युनिअरला मी ती अर्धीच सांगितलीये.

वकिलीची पहिली काही वर्षं. एका गावातले तात्या आले. ओढ्यात बिल्डरनं भराव टाकला होता आणि जुलैच्या पावसात पाणी वळून सहा घरांत शिरलं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण तेव्हा नवंनवं होतं. मी झपाटल्यासारखा अर्ज लिहिला. नकाशे, फोटो, पूररेषा. सप्टेंबरात दाखल केला, कलम १४ खाली. त्या कलमाला सहा महिन्यांची मुदत, आणि सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. मी जुलैपासून मोजलं होतं, कारण नुकसान जुलैत झालं. समोरच्या वकिलानं उठून कलमातला एकच शब्द वाचला: कारण 'प्रथम' घडल्याच्या तारखेपासून. भराव आदल्या नोव्हेंबरात पडला होता, आणि त्याचे फोटो आमच्याच अर्जाला जोडलेले होते, तारखेसकट. नोव्हेंबर ते सप्टेंबर, दहा महिने. अर्ज फेटाळला.

कलम १५ पुढच्याच पानावर होतं. ओढा पूर्ववत करून द्या, नुकसानीची भरपाई द्या, अशी मागणी त्या कलमाखाली केली असती तर पाच वर्षं हातात होती. मी पान उलटलंच नव्हतं. पुन्हा अर्ज केला, तो टिकलाही, पण तोवर भरावावर तीन मजले उभे होते. न्यायाधिकरणानं संयुक्त समिती नेमली, समितीनं अहवाल दिला, दंड लागला. ओढा आजही तिथं पाइपातूनच जातो.

तात्या रागावले नाहीत, याचाच जास्त त्रास झाला. पुढे त्यांनी ग्रामपंचायतीला फॉर्म भरला आणि सात मतांनी पडले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी चेंबरच्या पायरीवर. म्हणाले, "वकीलबाई, यात किती दिवस असतात ते आधी बघा." ग्रामपंचायतीला पंधरा दिवस, दिवाणी न्यायाधीशाकडे. त्या रात्री मी कलम तीनदा वाचलं, शब्दावर बोट ठेवून. ती माझी पहिली निवडणूक केस. हरलो, पण मुदतीवर नाही.

तेव्हापासून चेंबरमध्ये कॅलेंडर आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त ६०, ते हिरव्या पेनानं. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावर सुप्रीम कोर्टात जायला ९०, तेही हिरव्यानं. निवडणुकीचं लाल.

कपाटावर अजून एक वस्तू आहे, पाण्याची बाटली. चार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या कोळ्यानं पेपरात गुंडाळून आणली होती. उघडली तेव्हा कुजक्या अंड्यांसारखा वास खोलीभर पसरला आणि बाजूच्या चेंबरमधला माणूस डोकावून गेला. कोळी बिचारा ती एसटीनं मांडीवर धरून घेऊन आला होता, पुरावा म्हणून. त्याला सांगताना जीभ जड झाली की कोर्टात याला काही किंमत नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, कारखान्याला तिथल्या तिथं नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. आणि नोटीस मिळाली की त्या दिवशी नाल्यातलं पाणी कसं काचेसारखं येतं, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. ती केस शेवटी पाण्यावर नाही, वीजबिलांवर उभी राहिली. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेला वेगळा मीटर होता आणि आठ महिने त्यावर वीज जळलीच नव्हती. बाटलीतला गाळ आता तळाशी बसलाय, वर पाणी नितळ दिसतं. फेकवत नाही.

संध्याकाळी चहा घेताना ज्युनिअरनं विचारलं, "एवढं करून निकाल कधी लागेल?" कायदा म्हणतो, हायकोर्टानं सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा. मी तिला विलेपार्ल्याचं सांगितलं. १९८७ ची पोटनिवडणूक, हायकोर्टानं निवड रद्द केली १९८९ मध्ये, सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं डिसेंबर १९९५ मध्ये. तोवर महाराष्ट्रात दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या. मग सांताक्रूझचं सांगितलं. निवडणूक १९९० ची. धर्माच्या नावावर मत मागण्याच्या कलमाचा अर्थ सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा लावला २ जानेवारी २०१७ ला. ती म्हणाली, "तेव्हा मी बारावीत होते." मी म्हटलं, "आणि निवडणूक झाली तेव्हा तुझे आईबाबा कदाचित बारावीत असतील." तिनं हिशोब केला आणि गप्प बसली.

उशिराच्या निकालातून पुढच्यांना कायदा मिळतो, त्या पक्षकाराला नाही. हे मी मनाशी मान्य केलंय असं वाटतं, आणि मग एखाद्या शुक्रवारी दुपारी चारनंतर कुणीतरी झाडांचं काम घेऊन येतं. मी वर्षांवर भांडणारी बाई, पण घाबरते ती शनिवार-रविवारला. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. हायकोर्टानं मुंबईतल्या आरेची झाडतोड रोखण्याच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी होती. तेव्हापासून झाडांच्या पक्षकाराला कागदपत्रं मागण्याआधी मी विचारते, करवत जागेवर आली आहे का?

सोमवारी मुंबईला पहिल्या गाडीनं. याचिका उमेदवारानं स्वतः हजर राहून दाखल करायची, त्यामुळे त्याला तीनदा बजावलंय की गाडी चुकवू नको, ओळखपत्र विसरू नको, कार्यकर्ते आणू नको. मंगळवार हाताशी राखून ठेवलाय, रजिस्ट्रीनं काही काढलंच तर.

पावणेबारा. वरचं लिहीत असताना ज्युनिअरचा फोन आला, ती घरी गठ्ठे तपासत बसलीये. नवव्या प्रतीत पान ११२ वर सही नाही. नकलेचंच पान, शिक्क्याचं. दोन पानं एकाला एक चिकटली असणार.

अशिलाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला, म्हणजे तोही जागाच होता. "आत्ता येऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, सकाळी आठला या. येताना तेच निळं पेन आणा.