चांदोरच्या घरात सावंतवाडीचे मेस्त्री

गोव्यातली जुनी घरं पर्यटकांना दाखवणं हे माझं काम. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर तर नेहमीचंच. पण सावंतवाडीहून लाकूडकाम करणारी मंडळी आली तो दिवस वेगळाच होता.

सतराव्या शतकापासून वाढत गेलेलं हे घर कुटुंबाच्या दोन शाखांत वाटलेलं आहे. एका बाजूला लुईश द मिनेझिस ब्रागांझांचा ग्रंथसंग्रह. 1900 साली ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांत ते होते. दुसऱ्या बाजूला नृत्यदालन, झुंबरं आणि पोर्तुगालच्या दों लुईश राजाने भेट दिलेल्या खुर्च्या. माझं सांगणं चालू होतं, पण मंडळींचं लक्ष झुंबराकडे नव्हतंच. सगळ्यांत वयस्कर मेस्त्रीकाका घरच्यांना विचारून एका शिसवी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले आणि हात न लावता खालून पाहू लागले. कुसू, म्हणजे सांध्यात अडकणारं लाकडाचं टोक, कुठे बसवलंय, वेताच्या विणीसाठी भोकं कशी पाडलीत, पाठीवरची वेल कोरताना पटाशी कुठून वळली, असं एकेक ते पोरांना दाखवत गेले. मग म्हणाले, “ह्यां आमच्याच माणसाचां काम.”

खरंच आहे ते. घाट युरोपचा असला तरी गोव्यातलं असं कितीतरी लाकूडकाम इथल्याच सुतारांच्या हातचं. त्या काळच्या कपाटांना पायांच्या जागी नागिणीसुद्धा कोरलेल्या सापडतात; ती कल्पना काही लिस्बनहून आलेली नाही. मालकांची नावं आपल्याला पाठ असतात, भेट देणारा राजाही ठाऊक असतो. कोरणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता मी प्रत्येक गटाला आधी खुर्ची दाखवते, राजा नंतर.

परतताना लोटलीत एका जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या पाहायला थांबलो. काच महाग होती तेव्हा चपट्या शिंपल्यांच्या चकत्या कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. उजेड आत येतो, ऊन डोळ्यांवर येत नाही. हा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे फुटलेली चकती बदलणं सोपं राहिलेलं नाही.

मेस्त्रीकाकांनी वहीत पट्टीचा छेद काढला. चकती वरून सरकवली असेल की बाजूने, यावरून त्यांचं आणि पुतण्याचं जे जुंपलं ते बांद्यापर्यंत मिटलं नव्हतं.