माझा अनुभव: वेताळ टेकडीवरचा एक उतार

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पौड रस्त्याकडच्या उतारावरचा एक तुकडा आमचा गट सांभाळतो. जमीन वनखात्याची, काम करायची परवानगी आमची. वारजे, बाणेर, धायरीकडचे लोक भेटले की विचारतात, "आम्हालाही आमच्या टेकडीवर असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?" दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून या दोन-तीन वर्षांत काय काय करावं लागलं ते लिहून काढते आहे.

सुरुवात कागदांपासून. खालून टेकडी एकसंध दिसते, पण नकाशात तिचे बरेच मालक आहेत. काही भाग राखीव वन, काही महापालिकेचा, काही संस्थांचा, काही खासगी. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावामुळे ती सतत चर्चेत असते. पण आपण सकाळी जिथे फिरतो ती जमीन कोणाची, हे रोज फिरणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. ते आधी शोधा. राखीव वनात परवानगीशिवाय खड्डा खणता येत नाही, फांदी तोडता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. आम्ही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र दिलं, सोबत नकाशा, कामाचं स्वरूप, जबाबदार व्यक्तींची नावं. उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात तिथले वनरक्षक दादा स्वतः आमच्याबरोबर हद्दीचे दगड दाखवत फिरले. त्या एका फेरीत जे कळलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं: पाणी कुठून वाहतं, गुरं कुठून चढतात, रात्री दारू प्यायला कोण कुठे बसतं, आग दरवर्षी कुठून सुरू होते.

परवानगी अटींसह आली. फक्त स्थानिक झाडं, बाहेरची माती नाही, उभं झाड तोडायचं नाही, छाटणीसुद्धा दाखवून आणि विचारूनच. या अटी मला आजही योग्य वाटतात.

आमच्या गटात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांनी आणखी एक अट घातली. पहिल्या वर्षी एकही रोप लावायचं नाही. सगळे ऋतू त्या उतारावर नुसतं फिरायचं, दिसेल ते नोंदवायचं. गटातल्या तरुण मुलांना हे फार जड गेलं. जुलैत सगळं पुणं झाडं लावत असतं, फोटो काढत असतं, आणि आम्ही वही घेऊन गुडघ्यांवर बसलेलो. पण या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच वर्ष.

पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत, उन्हाळ्यात नुसता मुरूम दिसणाऱ्या जागेतून फोडशीची पाती वर आली, मग काळी मुसळीची इवली पिवळी फुलं. जुलैत हबेनारियाची पांढरी फुलं, आपल्या टेकड्यांवर जमिनीत उगवणारं ऑर्किड. एका खडकाच्या कपारीत गवताच्या आधारानं चढलेलं कंदीलपुष्प सापडलं. त्या फुलाच्या नळीत बारीक माशा शिरतात, आतल्या केसांमुळे काही काळ अडकतात, आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटतात. सरांनी भिंगातून ते दाखवलं तेव्हा आमच्यातला सर्वांत बडबडा मुलगासुद्धा गप्प झाला. ही सगळी मंडळी कंदाच्या रूपानं आठ महिने जमिनीखाली झोपलेली असतात. तिथे आपण दीड फुटाचा खड्डा खणला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

मग गवत. ऑगस्ट संपता संपता पवना, मारवेल, कुसळी कमरेपर्यंत आलं. कुसळीचं बी मोज्यात अडकतं म्हणून सगळे तिला शिव्या देतात, पण तिची करामत बघण्यासारखी आहे. बियाला लांब पिळदार कूस असते, ती दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा वळते, आणि असं वळत वळत बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. याच गवतात चंडोल घरटं करतो, लावे लपतात, ससे बसतात. टिटवी तर उघड्या मुरमावरच अंडी घालते, दगडांसारखीच दिसणारी.

पुण्याच्या टेकड्या म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं घनदाट जंगल नाही. इथे पाऊस साताठशे मिलिमीटरच्या आसपास, बेसॉल्टवर मातीचा पातळ थर, आणि त्यावर गवत, काटेरी झुडपं, मधूनमधून झाडं. ही माळरानाची, विरळ झाडांची परिसंस्था आहे आणि ती पूर्ण आहे. तिला रिकामी जागा समजून झाडांनी भरून टाकणं म्हणजे तिथल्या चंडोलाला, सशाला, कंदीलपुष्पाला घराबाहेर काढणं. हे मी आता प्रत्येकाला आग्रहानं सांगते.

मात्र आमच्या तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग गवताचा नव्हताच. तिथे गिरिपुष्प होतं. फेब्रुवारीत पानं गळून टेकड्या गुलाबी दिसतात ना, तेच. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्याकडे सामाजिक वनीकरणाच्या काळात टेकड्यांवर भरपूर लावलं गेलं. पाणी नसलं तरी जगतं, छाटलं तरी फुटतं, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. दाट लागलं की खाली गवत उरत नाही, सावली आणि पाचोळा.

छाटणीची परवानगी घेऊन आम्ही पहिल्या फांद्या उतरवल्या त्या दिवशी ऐंशीच्या घरातले एक काका काठी टेकत थेट आमच्यापर्यंत आले.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी परवानगीचं पत्र दाखवलं. त्यांनी बघितलंही नाही.

"ही झाडं आम्ही लावलीयत. त्या वेळी इथे उन्हाळ्यात पायाखाली नुसता मुरूम यायचा. देशी रोपं लावली ती मेली. जे जगलं ते हे. खांद्यावरून पाणी आणलंय आम्ही इथवर."

आमच्यातलं कोणीच काही बोललं नाही. सर पुढे झाले. "काका, तुमच्या झाडांनी माती धरली म्हणून आज इथे दुसरं काही लावायचा विचार करता येतोय. आम्ही ही उपटणार नाही. उजेड खाली येईल एवढंच छाटणार, आणि त्यांच्या आसऱ्यानं इथली झाडं वाढवणार. तुम्ही बघायला याल का?"

काका आले. पुढच्या रविवारीही आले. आज आमची रोपवाटिका त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे. काकांच्या पिढीनं त्या काळात जे होतं त्यातून टेकडी वाचवली, याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. गिरिपुष्प सरसकट तोडा म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. त्याच्या पाचोळ्यात दिवसा रातवा पक्षी बसलेला असतो, पाय पडेपर्यंत दिसत नाही. मोर रात्री त्याच गर्दीत चढतात. म्हणून आम्ही पट्ट्यापट्ट्यानं जातो, एक पट्टा मोकळा, शेजारचा तसाच.

तणांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यायचं कारण नाही. गाजर गवताची तण म्हणून देशातली पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकातली, आपल्या पुण्यातलीच. ते फुलायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या कामापासून लांब राहायचं, कारण त्याची अ‍ॅलर्जी वाईट असते. कॉसमॉसची पिवळी-केशरी फुलं लोकांना आवडतात, काही जण तर हौसेनं बिया फेकतात. त्यांना थांबवून समजावणं हे उपटण्याइतकंच काम आहे. घाणेरी हळूहळू, कारण तिच्या जाळीत बुलबुल घरटी करतात. आधी आत बघायचं, मग कोयता.

रोपांचं सांगते. बी याच टेकडीवरून आणि आसपासच्या टेकड्यांवरून गोळा केलं, तेही झाडाखाली पडलेल्यातलं थोडंच. पळसाचं बी ताजं असतानाच लावावं लागतं, ठेवलं की गेलं. बहाव्याचं कवच टणक, घासून किंवा गरम पाण्यात ठेवून मगच रुजतं. पांगारा आणि मोई जाड फांदीपासून येतात. शिवाय खैर, हिवर, मेडशिंगी, आपटा, गणेर, आणि झुडपांत हेकळ, करवंद. दुधाच्या पिशव्या सोसायट्यांतून धुऊन मिळाल्या, त्या पुरल्या. रोपं लावली ती फक्त गिरिपुष्पाच्या मोकळ्या केलेल्या पट्ट्यांत, गवताच्या भागात एकही नाही. उताराकडच्या बाजूला दगडांचं अर्धगोल आळं, वर वाळलेल्या गवताचं आच्छादन.

आता वणवा, कारण सर्वांत जास्त तयारी त्याचीच लागते. टेकडीवरची आग बहुतेक माणसाचीच असते: सिगारेट, शेकोटी, किंवा 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समज. वारंवार जाळलं की कुसळी टिकून राहते आणि पवन्यासारखी चांगली चाऱ्याची गवतं मागे पडतात, म्हणजे जाळणाऱ्याचंच नुकसान. जानेवारीत, गवत वाळलं की, वनरक्षकांनी आखून दिलेल्या रेषेवर आम्ही जाळरेषा काढतो: गवत कापायचं, काडीकचरा ओढून मुरूम उघडा करायचा. कंटाळवाणं, कंबर मोडणारं काम. फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून माणसंही कमी येतात.

आणि मार्चमध्ये एका दुपारी खालच्या बाजूनं धूर दिसला. गटावर निरोप गेला, एकानं वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवलं, वनरक्षक दादांचे लोक निघाले. आम्ही पोचलो तेव्हा ज्वाळा चढाकडे धावत होत्या. चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते, तिच्या वर कधीही उभं राहायचं नाही, हे आम्हाला आधी शिकवलं होतं म्हणून कोणाला इजा झाली नाही. बाजूंनी आत सरकत, ओल्या पोत्यांनी आणि निरगुडीच्या फांद्यांनी कड झोडपायची, तोंडासमोर जायचं नाही. धुरात डोळे उघडत नव्हते. जाळरेषेपाशी आग अडली, पण वाऱ्यानं उडालेली ठिणगी पलीकडच्या पाचोळ्यात पडली आणि तिथून पुन्हा सुरुवात. अंधार पडेपर्यंत झुंजलो. नंतरही दादांनी आम्हाला लगेच उतरू दिलं नाही. धुमसणारे बुंधे उकरून, माती टाकून विझवायला लावले, कारण पहाटेच्या वाऱ्यानं तेच पुन्हा पेटतात.

दुसऱ्या दिवशी जळलेल्या पट्ट्यात टिटवीची अंडी सापडली, काळवंडलेली. वर आकाशात ती ओरडत फिरत होती. गवत मुळांतून परत येतं, आलंही. पण त्या हंगामातली ती अंडी गेली, आणि हे मला आजही सहन होत नाही. टेकडीवर काडी ओढणाऱ्या कोणालाही बघितलं की मी थांबून बोलते, समोरचा चिडला तरी.

रोपं लावल्यानंतरचा उन्हाळा पाण्याचा. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांचं याबाबतीत फार मोठे उपकार आहेत. वाटेच्या सुरुवातीला भरलेले कॅन ठेवायचे, जाणारा एक उचलतो, वर एका आळ्यात ओततो, रिकामा खाली आणतो. कित्येकांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. दोन विनंत्या मात्र ऐकून घेतल्या जायला वेळ लागतो: कुत्र्याचा पट्टा सोडू नका, आणि मोरांना दाणे, बिस्किटं टाकू नका. मोर स्वतःचं खाणं शोधतो, किडे, बिया, सरडे सगळं. टाकलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि उंदीर वाढतात.

अर्ध्याहून जास्त रोपं उन्हाळ्यातून निघाली. गेलेल्यांत आपटे जास्त, जगलेल्यांत हिवर आणि मोई. यंदा मोकळ्या पट्ट्यांत, कोणी न पेरता, कडेनं पवना आत सरकलाय.

सध्या गटात वाद चालू आहे तो यावरूनच. खाणीच्या बाजूला एक उघडा, खरवडलेला भाग आहे. नोव्हेंबरमध्ये पवन्याचं आणि मारवेलचं बी गोळा करून तिथे पसरावं, असं तरुण मुलांचं आणि माझं म्हणणं आहे. सर म्हणतात, आणखी एक पावसाळा थांबा, तिथे आधी काय उगवतंय ते नोंदवा. तोवर बी गोळा करून कोरडं ठेवायचं, त्या भागासाठी वेगळं पत्र वनखात्याला द्यायचं, आणि उत्तर आलं की नोंदींच्या वह्या समोर ठेवून ठरवायचं, इथवर एकमत झालंय. पत्राचा मसुदा काका लिहितायत.