खोलीची चावी

गेल्या जानेवारीत गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, सोलापूरला आले होते, तेव्हा मावशीने मला चुलीपाशी बसवून घेतले आणि भाकरी थापता थापता एकामागून एक प्रश्न विचारले. तू काम करतेस त्या घरात एका खोलीत किती जण झोपतात, जेवायला काय मिळते, रात्री दाराला बाहेरून कडी घालतात का, आणि पैसे किती भरावे लागतात? प्रश्न मला विचारलेले असले, तरी तिचे लक्ष ओट्यावर बसलेल्या दादाकडे होते. माझा हा मावसभाऊ ४६ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली आणि तेव्हापासून त्याचा सगळा दिवस मावशीच्या भोवती जातो. मावशी आता ७४ वर्षांची आहे. त्या दिवशी मी घाईत दिलेली उत्तरे अपुरी होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मी ज्या घरात काम करते, ते साध्या वस्तीतील साधे विटांचे घर आहे आणि त्याच्यावर संस्थेची पाटी नाही. तिथे बौद्धिक दिव्यांगत्व असलेले चार प्रौढ राहतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे. दिवसा आम्ही दोघे असतो, तर रात्री एक जण जागा राहतो. राहणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी अपंगत्व भत्त्यातून राहण्या-जेवणाचा वाटा घेतला जातो आणि मोठा खर्च प्रांत सरकार संस्थेमार्फत उचलते. दाराला बाहेरून कडी नाही. उलट प्रत्येकाकडे आपापल्या खोलीची चावी आहे आणि आम्हीसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत जात नाही.

सुरुवातीला मला सर्वांत अवघड गेले ते नकार ऐकून घेणे. ‘अजून एक घास’ म्हणत वाढणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे कोणी आज अंघोळ नको म्हटले की माझा जीव खालीवर होई. इथे मात्र मी दोनदा विचारायचे, कारण समजून घ्यायचे आणि तसे नोंदवहीत लिहून ठेवायचे. (नोंदवही हा वेगळाच विषय आहे, औषधाच्या प्रत्येक गोळीपुढे सही करता करता निम्मी पाळी संपते.) वर्षातून एकदा प्रत्येकाच्या आधाराचा आराखडा नव्याने तपासला जातो आणि त्या बैठकीत तो माणूस स्वतः बसतो. मागच्या बैठकीत एकाने सांगितले, की दिवसाच्या उपक्रम केंद्रात त्याला यापुढे जायचे नाही. तिथे तो अकरा वर्षे जात होता, पण हा प्रश्न त्याला त्याआधी कोणी विचारलाच नव्हता.

प्रत्येकाला विचारण्याचा हा आग्रह कुठून आला, हे याच प्रांतातील ओरिलिया गावाचा इतिहास कळल्यावर समजते. तिथे १८७६ साली बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी मोठी निवासी संस्था सुरू झाली आणि एके काळी तिच्यात अडीच हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. पत्रकार पिएर बर्टन यांनी १९६० साली तिथल्या हालांविषयी लिहिले, तरीही ती बंद व्हायला २००९ साल उजाडले. पुढे तिथे राहिलेल्यांनी दावा लावला आणि २०१३ साली प्रांताच्या प्रीमियर (मुख्यमंत्री) कॅथलीन विन यांनी विधिमंडळात माफी मागितली. तिथल्या दफनभूमीत कित्येक थडग्यांवर नावे नाहीत, नुसते आकडे आहेत. आमच्या घरातील सर्वांत वयस्कर गृहस्थ अशाच एका मोठ्या संस्थेतून आलेले आहेत, आणि इतकी वर्षे झाली तरी फ्रिज उघडण्यापूर्वी ते परवानगी विचारतात.

तथापि इथे सगळे सुरळीत आहे, असे मावशीने समजू नये. अशा घरात जागा मिळण्यासाठी कुटुंबे वर्षानुवर्षे रांगेत असतात आणि ऐंशीच्या घरातील आईवडीलही अजून वाट पाहताना मी पाहिले आहेत. कर्मचारी टिकत नाहीत. ओळख जमते तोवर माणूस बदलतो. आराखड्याच्या कागदात एक रकाना असा असतो, की या व्यक्तीच्या आयुष्यात पगार न घेता भेटायला येणारी माणसे कोण. आमच्या चौघांपैकी एकाच्या रकान्यात फक्त बहिणीचे नाव आहे आणि ती नाताळला फोन करते. तो रकाना भरताना मला हमखास दादा आठवतो. उत्तर कसब्यात हिरेहब्बूंच्या वाड्यातून यात्रेच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात, तेव्हा गर्दीत कोणीतरी त्याला हात धरून पुढे घेतेच. किराणावाला, दूधवाला, मावशीच्या भिशीतल्या बायका, सगळे त्याला नावाने हाक मारतात. त्याचा रकाना लिहायचा तर पुरवणी जोडावी लागेल. पण स्वतःची चावी, स्वतःचे पैसे, स्वतःचा नकार, हे रकाने त्याच्या कागदावर कोरेच राहतील.

कागदांचेही तसेच आहे. ‘मी आई आहे ना, वेगळे पालकत्व कशाला?’ असे मावशीचे म्हणणे होते. परंतु मूल १८ वर्षांचे झाले, की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो आणि जिल्हाधिकारी या समितीचे अध्यक्ष असतात. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तर ‘घरौंदा’ (आता ‘समर्थ-सह-घरौंदा’) ही निवासाची योजना आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ तर समाजात राहण्याचा हक्कच मान्य करतो.

दादाच्या शाळासोबत्यांच्या, जुन्या ओळखीच्या दोन आयांनी मावशीबरोबर आता एक प्रयोग सुरू केला आहे. महिन्यातून दोन रात्री त्यांची मुले एकीच्या रिकाम्या वरच्या मजल्यावर, पगारी मदतनीसाबरोबर राहतात आणि आया खाली थांबत नाहीत, आपापल्या घरी जातात. पहिल्या रात्री मावशी झोपली नाही. दादाला भाजी कोणती हवी, असे विचारले, तर दोन्ही दिवस त्याने शेंगाचटणी आणि कडक भाकरीच मागितली आणि त्याला तीच मिळाली. मावशीने त्याच्यासाठी त्या खोलीची चावीही करून घेतली. पहिली त्याने आठवड्यात हरवली. दुसरी तिने नाडीत ओवून दिली आहे, आणि आता तो ती अंघोळीलाही काढत नाही, अशी तिची तक्रार आहे.