शुक्रवारपर्यंत डिपॉझिट

यंदाच्या एप्रिलमधला मंगळवार. न्यू जर्सीतल्या एका सरकारी विद्यापीठात मी प्री-हेल्थ ॲडव्हायझर आहे. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलांनी कोणते विषय घ्यावेत, एमकॅट, म्हणजे पदवीनंतरच्या मेडिकल प्रवेशाची परीक्षा, कधी द्यावी, अर्ज कधी करावा, हे सांगणं माझं काम. अकराच्या अपॉइंटमेंटला शेवटच्या वर्षाची एक मुलगी येणार होती. ती आली, आणि तिच्या मागोमाग तिचे आईबाबाही आले.

माझं आडनाव वाचून आले होते. बाबांनी बसल्या बसल्या फाइल उघडून एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. एका नामांकित ठिकाणी एक वर्षाच्या बायोमेडिकल मास्टर्सला मुलीला प्रवेश मिळाला होता. फी 56 हजार डॉलर, राहणं-खाणं धरून खर्च 80 हजारांच्या पुढे. "शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचंय, मॅडम. नाशिकचा प्लॉट विकायला काढलाय. तुम्ही एकदा हो म्हणालात की आम्ही निश्चिंत."

प्लॉट का, तेही त्यांनी सांगितलं. आतापर्यंत अशा मास्टर्ससाठी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज मिळायचं, आणि त्यात जवळजवळ सगळा खर्च निघायचा. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद होतंय. मास्टर्सला सरकारी कर्ज आता वर्षाला जास्तीत जास्त 20,500 डॉलर. वरचे साठेक हजार घरातून काढायचे, नाहीतर खाजगी कर्ज घ्यायचं.

हो किंवा नाही म्हणण्याआधी मला तिची ट्रान्सक्रिप्ट उघडायची होती, आणि आईबाबांसमोर ती तशी उघडता येत नाही. 1974 च्या फर्पा कायद्याने कॉलेजातल्या मुलाचे गुण हा त्या मुलाचा हक्क असतो. लेखी संमतीशिवाय आमच्या ऑफिसात पालकांसमोर त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही. मी फॉर्म मुलीपुढे सरकवला. ती पेन हातात धरून नुसती बसून राहिली.

"आपण दोघीच बोलूया का आधी?" मी इंग्रजीत विचारलं. चार वर्षं आमचं बोलणं इंग्रजीतूनच व्हायचं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "नको. आता सांगूनच टाकते." तिने सही केली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "बाबा, माझा जीपीए साडेतीन नाहीये. तीन पॉइंट एक आहे."

मी स्क्रीन वळवली. जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी. पहिल्या पाच सेमिस्टरचे 75 क्रेडिट, सरासरी 2.68. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस, फिजिक्समध्ये सी. नंतरच्या तीन सेमिस्टरचे 45 क्रेडिट मात्र 3.80, आणि त्यांत बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीसारखे अवघड विषय. बाबा एकूण आकड्याकडे बघत होते. आईचं बोट तिसऱ्या सेमिस्टरवर थांबलं.

"ही तीच टर्म ना? मी आईच्या आजारपणात नाशिकला होते ती?"

"हो."

पाच महिने आई नाशिकला होती. बाबांना रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी. धाकट्या भावाची शाळा, त्याचे डबे, त्याचा क्लास, सगळं करून ही पाऊण तास गाडी चालवत कॉलेजला यायची. फोनवर रोज सांगायची, सगळं ठीक आहे. घसरलेली गाडी रुळावर यायला पुढे आणखी दोन टर्म गेल्या. हे मलाही त्या दिवशी कळलं. चार वर्षांत मी तिला ग्रेड का घसरल्या हे विचारलं होतं, घरी कोण आहे हे कधीच विचारलं नव्हतं. त्याची खंत मला अजून आहे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "मग तर मास्टर्स केलंच पाहिजे. हे खोडायला."

खोडायला! हा शब्द मी गेली कितीतरी वर्षं ऐकतेय, आणि इथेच माणसं फसतात. मी कोरा कागद घेतला. बहुतेक एमडी मेडिकल स्कूलचे अर्ज एएमकॅस नावाच्या एकाच व्यवस्थेतून जातात, आणि ती पदवीचा जीपीए वेगळा मोजते, मास्टर्सचा वेगळा. मास्टर्समध्ये सगळीकडे ए मिळाला तरी पदवीचे 3.10 हे 3.10 च राहतात. विषय पुन्हा घेतला तर जुनी ग्रेडही धरतात, नवीही. त्याऐवजी पदवीच्याच पातळीवरचे 30 क्रेडिट बाहेरून केले, ज्याला पोस्ट-बॅक म्हणतात, तर ते पदवीत मिसळतात. 120 क्रेडिट 3.10 ने आणि 30 क्रेडिट 4.00 ने, भागिले 150. आला आकडा 3.28. एवढं वर्ष घालून तेवढंच. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी 3.8 च्या आसपास असते.

"मग हे मास्टर्स असतं तरी कशासाठी?" आईंनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

जॉर्जटाउनने 1975 मध्ये अशा प्रकारचा कार्यक्रम सुरू केला. तिथे मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय शिकतात. म्हणजे पदवीत कमी पडलेल्या मुलाला, मी मेडिकलचा अभ्यास झेपवू शकतो, हे तिथेच करून दाखवता येतं. ज्याची पदवी संपलीय, जीपीए शेवटपर्यंत खाली राहिलाय, पण एमकॅट चांगली आहे, त्याच्यासाठी हा रास्त मार्ग आहे. माझ्याच हाताखालून असे काही जण गेले आणि आज वॉर्डात काम करताहेत. त्यांना मी स्वतः पाठवलं होतं.

आणि एकाला पाठवून मी चूक केली होती. ते मी त्या दिवशी आईबाबांना सांगितलं. आठ वर्षांपूर्वीचा मुलगा, जीपीए 2.9, अतिशय कळवळ्याचा. मी म्हटलं, जा, करून दाखव. मास्टर्समध्ये त्याला 3.1 मिळाले. ऐकायला बरे वाटतात, पण मास्टर्समध्ये बी ही जेमतेम ग्रेड धरतात. शिवाय त्याची तुलना थेट मेडिकलच्या विद्यार्थ्यांशी झाली होती. पदवीच्या वाईट ग्रेडला, तेव्हा लहान होतो, असं तरी म्हणता येतं. त्या परीक्षेनंतर काय म्हणणार? एकाही ठिकाणी मुलाखत आली नाही आणि साठ हजारांवर कर्ज राहिलं. तो आज संशोधन विभागात चांगलं काम करतो, दिवाळीला मेल पाठवतो. ती मेल उघडताना दर वेळी माझा हात अडखळतो.

मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मी तिला म्हटलं, "मास्टर्समध्ये जे सिद्ध करायचं, ते तू शेवटच्या 45 क्रेडिटमध्ये केलंयस. सिद्ध व्हायची राहिलीय ती एमकॅट." एमकॅटचे गुण 472 ते 528 मध्ये असतात. तिला 503 होते, प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी 511-512. मास्टर्सचं वर्ष इतकं कसून जातं की एमकॅटला वेळच उरत नाही. त्यात मास्टर्स चालू असतानाच अर्ज केला तर समितीपुढे नव्या ग्रेड नसतात, आणि संपल्यावर केला तर आणखी एक वर्ष जातं.

"आणि डीओ?" तिनेच विचारलं. बाबांना वाटलं हाडवैद्य. मी समजावलं की डीओ ही ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची, एमडीसारखीच डॉक्टरकीची पदवी; डीओ डॉक्टरला पन्नासही राज्यांत एमडीइतकेच अधिकार असतात, आणि 2020 पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, मान्यताही दोघांची एकच झालीय. तिथे प्रवेशाची सरासरी थोडी खाली असते. डीओला दुय्यम समजून मुलांची वर्षं वाया घालवणारी घरं मी खूप पाहिलीत, म्हणून हे जरा जोर देऊनच बोलले.

त्यांचं ग्रीन कार्ड झालेलं होतं, हे त्यातल्या त्यात बरं. आपल्यातलीच कितीतरी मुलं एच-4 वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसाच्या आधारावर वाढतात, एकविसाव्या वर्षी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात. त्यांना सरकारी कर्जच नाही, आणि बरीच मेडिकल स्कूल त्यांचा अर्जही घेत नाहीत. त्यांनी असं मास्टर्स घेताना दहा वेळा विचार करावा.

तरी मी नाही म्हटलं नाही. बाबांना पत्रातल्या एका ओळीचा मोठा आधार होता: आमचे 80 टक्क्यांहून अधिक पदवीधर मेडिकलला जातात. मी त्या ओळीखाली रेघ मारून प्रश्न लिहून दिले. हे टक्के कोणातले, सुरू केलेल्यांतले की पूर्ण केलेल्यांतले? किती वर्षांत गेलेले? त्यांत डेंटल आणि इतर कोर्स धरलेत का? तुमच्याच मेडिकल स्कूलमध्ये किती जण गेले? मुलाखतीची हमी आहे तर कोणत्या ग्रेडवर? आणि ज्यांना ती ग्रेड मिळाली नाही त्यांचं पुढे काय झालं?

"असं विचारलं तर राग नाही ना येणार त्यांना?" आईंनी हळूच विचारलं. आता त्या मला ताई म्हणत होत्या. "ताई, प्रवेश काढून घेतला तर?"

"80 हजार देताय तुम्ही. विचारा."

निघताना बाबांनी आकडेमोडीचा कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. दारात आईंनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दोघी जिन्यापर्यंत गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी मुलीची मेल आली. कार्यक्रमाने उत्तर दिलं होतं, आणि सौजन्याने दिलं होतं. 80 टक्के पूर्ण केलेल्यांतले, तेही तीन वर्षांत मिळून, आणि डेंटल त्यात धरलेलं. मुलाखतीची हमी 3.7 च्या वर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. खाली तिने मराठीत, रोमन लिपीत, लिहिलं होतं की बाबांनी डिपॉझिट भरलेलं नाही, जानेवारीच्या एमकॅटला ती बसणार आहे, आणि तोवर एका दवाखान्यात स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घ्यायची, नोकरी मिळतेय, घेऊ का?

मी लगेच उत्तर पाठवलं. घे.